खरपुडीला पाणी

आमच्या आईला वाहून चाललेलं पाणी बघवत नसे. उचगावात आमचं घर उसाच्या कडेला. परड्यात विहीर, विहिरीवर मोटर, आणि मोटर सुरू झाली की पाटातून एवढं पाणी पळायचं की म्हशी बाजूला न होता त्यातच उभ्या राहायच्या. अशा घरात ही बाई तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घालायची, भांडी विसळलेलं अळवाला, आणि आंघोळीचं केळीला जावं म्हणून मोरीपासून तिनं स्वतःच्या हातानं चर काढला होता. चूळ भरायला तांब्या घेतला तर तोही अर्धाच. आबा, म्हणजे माझे वडील, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "दुष्काळी मुलखातनं आणलीया हिला. एवढी वर्षं झाली, अजून पाण्याची भीड मोडली न्हाई." सगळे हसायचे, आईही हसायची. मी सगळ्यांत मोठ्यानं हसायची, कारण मी आबांची लेक, कोल्हापूरची. आईचं माहेर म्हणजे आटपाडीच्या पलीकडचा कुठला तरी उजाड माळ, एवढंच मला ठाऊक होतं. ती माहेराबद्दल कधी बोलायची नाही. मला वाटायचं, बोलण्यासारखं तिथं काही नसेलच.

घरात आम्ही चौघं. आबा, आई, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा वसंतदादा आणि मी. दादा दिवसभर मोटरीच्या नाही तर सायकलीच्या मागं, त्यामुळं आई जवळजवळ माझ्या एकटीचीच. तव्यावरची पहिली फुगलेली भाकरी माझ्या ताटात यायची. दुपारी जेवणं झाली की आई सोप्यात घोंगडं टाकून कुशीवर व्हायची आणि मी तिच्या पाठीला पाठ लावून पडायची. बाहेर मोटरीची घरघर, आत तिच्या बांगड्यांचा मधूनच होणारा आवाज. ती पाठीची जागा माझी होती, आणि ती कुणी घेईल असं मला बारा वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं.

त्या साली आईच्या माहेराकडं पावसाविना तिसरं वर्ष चाललं होतं. चैत्रात मामा जोतिबाला आले आणि परत जाताना आमच्याकडं उतरले. कपाळापासून धोतरापर्यंत गुलाल, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं पांढरे, आणि मागं एक काळी, उंच, उन्हानं केस तांबूस झालेली पोरगी. मामांची हौसा, माझ्याहून वर्षानं मोठी. मामा म्हणाले, "दाजी, जनावरं छावणीत घातल्याती. हिला चार म्हैनं ऱ्हाऊ द्या आक्काजवळ. दोन घास खाईल, आक्काच्या हाताखाली हुईल." आबांनी विचारसुद्धा केला नाही. "पावणं, चार म्हैनं कशाला? जूनला हिचं नाव हितल्या शाळंत घालू की. सुमीच्या संगट जाईल." सुमी म्हणजे मी. मला कुणी विचारलं नाही.

हौसाचं मात्र कुणाकडंच लक्ष नव्हतं. परड्यात मोटर सुरू होती, हौद भरून वाहत होता. ती हळूहळू तिकडं गेली, दोन्ही हात त्या धारेखाली धरले, आणि एकदम घाबरून वळली. "हे बंद कुटनं करायचं?" आम्ही पोट धरून हसलो. दादा तर हसून हसून खाली बसला. आई हसली नाही. ती हौसाजवळ गेली, पदरानं तिचे हात पुसले आणि तिचं डोकं पोटाशी धरून तशीच उभी राहिली. माझं हसू तोंडातच राहिलं. आईनं मला असं कधी धरलेलं आठवेना. धरलं असणार, नाही कशाला. पण त्या घडीला आठवेना.

मग मामांनी उपरण्याची गाठ सोडली. आत मातीनं माखलेले तीन चपटे कंद, लहान बटाट्याएवढे. त्यांना पान नाही, कोंब नाही, वर वाळकी काडी तेवढी. ते बघून आईनं गाठीतच हात घातला. "खरपुडी! कुटं घावली रं?" मामा म्हणाले, "आपल्या माळावर, नेपतीच्या झुडपाच्या बुडात. हौसीनंच काडल्या. वर काय बी दिसत न्हवतं, तरी जागा बरोबर दावली." लहानपणी शेळ्यांमागं हिंडताना आई म्हणे ही खरपुडी खणून कच्चीच खायची. तिनं एक कंद पदराला पुसला, दातानं साल काढली आणि दोन तुकडे केले. एक स्वतःला, एक हौसाला. डोळे मिटून ती चावत होती आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मग कधीतरी तिला मी दिसले. "ये गं सुमे," म्हणून तिनं हातात उरलेला नखाएवढा तुकडा माझ्यापुढं धरला. मी चावला. थोडा गोड, थोडा कडसर, कच्च्या शेंगदाण्याच्या वळणाचा. चव वाईट नव्हती, पण मी जाऊन तो म्हशीच्या गव्हाणीत थुंकून आले. तिला अर्धा कंद आणि पोटच्या पोरीला नखाएवढा!

उरलेले दोन कंद आईनं परड्यात एका फुटक्या रांजणाच्या बुडात कोरडी माती घालून पुरले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बजावलं, "यात कुणी पाणी घालायचं न्हाई. निजलंय त्ये. पाऊसकाळ आला की आपलं आपण उठंल." आणि मग, मी तिथंच शेजारी उभी असताना, म्हणाली, "हौसा, तू ध्यान दे गं. हितल्या लोकांस्नी ह्यातलं काय कळत न्हाई." हितले लोक! म्हणजे मी.

हौसा आली आणि आईला वाचा फुटली. दोघी जात्यावर हुलगे भरडायला बसल्या की सुरू. कुठल्या ओढ्यात हातभर खणलं की पाणी लागतं, कुणाच्या विहिरीचा झरा आटला, कुणाची शेळी कुणी पळवली. मी मध्येच विचारलं, "कोण गं ही गोदाक्का?" तर आई हसू आवरत म्हणायची, "तुला न्हाई ठावं, जाऊ दे." आणि दोघी पुन्हा हसायच्या. मी आईला असं हसताना बघितलं नव्हतं. तोंडावर पदर न धरता, दात दिसेपर्यंत. संध्याकाळी त्या हुलग्यांचं माडगं व्हायचं, म्हणजे भाजलेल्या हुलग्याच्या पिठाची लसूण घालून केलेली दाटसर पेज. मी ताट सरकवलं. "आमच्यात हे बैलाला घालत्यात," म्हणाले. आई शांतपणे म्हणाली, "तुज्या आईचं रगात ह्याच्यावरच झालंय." आबांनी त्या दिवशी दोनदा माडगं मागून घेतलं, हे मला आजही त्यांच्याकडून झालेलं फितुरीचं काम वाटतं.

पहिली भाकरी हौसाच्या ताटात जायला लागली. पाव्हणी हाय ती, असं आईचं म्हणणं. आठवडा गेला, पंधरवडा गेला, तरी ती पाव्हणीच. आणि एका दुपारी मी हात धुऊन सोप्यात आले तर आईच्या पाठीला पाठ लावून हौसा झोपलेली. मी थोडा वेळ उभी राहिले. आई जागी होती. तिनं डोळ्यांनीच पायाशी जागा दाखवली. मी पायाशी पडले आणि तिच्या टाचांच्या भेगा मोजत बसले. माणसाचा मत्सर असा भाकरी आणि अंथरुणापासूनच सुरू होतो, हे मी आयुष्यात पुढंही बघितलंय. मोठ्या गोष्टींची वेळच येत नाही.

आबांचा तरी मला भरवसा होता. उसाशिवाय दुसऱ्या पिकाकडं मान वळवून न बघणारा माणूस. पण एकदा मी आणि हौसा त्यांची न्याहारी घेऊन मळ्यात गेलो, आणि बांधावर ही बया थांबली. रुईचं पान तोडून आबांच्या हातावर ठेवलं. आत्याचा नवरा म्हणून ती त्यांना मामाच म्हणायची. "मामा, बोट फिरवा. हिनं अंगाला पीठ चोपडलंया. ऊन आत जाऊ नये म्हणून." आबांनी बोट फिरवलं, बोट पांढरं झालं. मग बोरीचं पान उलटं करून दाखवलं. वरून हिरवं आणि खालून लव असलेलं, पांढरट. "वल धरून ठेवाया." मग बाभळ. "हिचं पान बगा किती बारीक. पान जेवढं ल्हान तेवढी तहान ल्हान. आन मूळ वर हाय त्येच्या दुप्पट खाली." घायपात आणि कोरफडीच्या पोटातच रांजण असतो म्हणाली. तिच्या माळावरच्या नेपतीनं तर पानांची कटकटच ठेवलेली नाही, काटक्याच हिरव्या करून त्यांच्यावर भागवती. "आन खरपुडी?" आबांनी विचारलं. आबांनी स्वतः विचारलं! हौसा म्हणाली, "ती समदं सोडून देती. पान सोडती, वेल सोडती. मेल्यागत पडती. फकस्त कंद तेवढा जपती." आबांच्या हातातली भाकरी हातातच राहिली होती. "आरं तिच्या! आक्खा जलम ह्या बांधावर गेला की माझा," ते म्हणाले. मग हौसानं समोरच्या उसाकडं बोट केलं. "ह्यो मातर लाडावलेला. पाण्याची एक पाळी चुकली की तोंड पाडतोय." आबा खो खो हसले, आणि हसता हसता त्यांनी माझ्याकडं बघितलं.

त्या बघण्यानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवसापासून मळ्यात जाताना आबांची हाक, "हौसा, चल गं." कधी कधी, "सुमे, तू बी चल पायजे तर." पायजे तर!

पुढं मी प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले. विज्ञानाच्या पुस्तकात कोरड्या प्रदेशातल्या वनस्पतींचा धडा असायचा. निवडुंगाचं एक चित्र आणि खाली अनुकूलन असा जड शब्द. मी पुस्तक मिटून पोरांना बांधावर न्यायची. रुईच्या पानावर बोट फिरवायला लावायची, बोरीचं पान उलटं करून दाखवायची, "पान जेवढं लहान तेवढी तहान लहान" हे वाक्य फळ्यावर लिहायची. साहेब तपासणीला आले की म्हणायचे, बाईंची शिकवण्याची पद्धत वेगळी आहे. हे मला कुणी शिकवलं ते मी तीस वर्षांत एकाही पोराला सांगितलं नाही. आज इथं पहिल्यांदा लिहितेय, आणि लिहितानाही हात जरा आखडतोच.

वैशाखात मामा पोरीला बघायला आले. जेवताना आई त्यांच्या ताटात भात वाढत म्हणाली, "ही पोरगी मला दे रं. वसंताला करून घेतो आम्ही." आमच्याकडं भावाची लेक सून करून आणायची रीतच आहे, त्यात नवल काही नव्हतं. मामा म्हणाले, "तुजीच हाय की, आक्का." दादा लाजून ताटावरून उठला. हौसा चुलीपाशी मान खाली घालून बसली होती आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी मात्र तिथल्या तिथं सगळा हिशेब पुरा केला. म्हणजे ही चार महिन्यांनी जाणार नव्हतीच. ही कायमची राहणार आणि जाणार ती मी. एक दिवस मला हळद लावतील, वाजतगाजत गाडीत बसवतील आणि दुपारी आईच्या पाठीला पाठ लावून ही पडेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी हौदातून तांब्या भरला आणि रांजणाच्या बुडात ओतला. आता कुणाला वाटेल, मी ती खरपुडी मारायला निघाले होते. नाही. मला ती जगवायची होती, सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून. आमच्या उचगावात जे मलूल पडलं त्याला पाणी द्यायचं आणि ते उठतं, यापलीकडं शेतीचं शास्त्र कुणाला ठाऊक नव्हतं. ऊस उठतो, भाजी उठते, उन्हानं भोवळ आलेलं माणूससुद्धा उठतं. मग ही खरपुडी कोण लागून गेली? पावसाळ्याआधीच कोंब फुटेल, आई धावत येईल, आणि मी म्हणेन, "मी पाणी घातलं. हितल्या लोकांनी." हौसाचं सगळं ज्ञान तिथल्या तिथं खोटं पडेल. या एका वाक्यासाठी मी रोज दुपारी तांब्या ओतत होते. ओल दिसू नये म्हणून वर मूठभर कोरडी माती भुरभुरायची, तेवढी अक्कल मला होती. रोज सकाळी तोंड धुताना तिरक्या नजरेनं कोंब शोधायचा. आठ दिवस झाले, दहा झाले. अकराव्या दिवशी मी वाकले तर सडक्या कांद्यासारखा वास आला. बोट खुपसलं. आत कंदाच्या जागी नुसता गाळ. मी बोट परकराला पुसलं आणि घरात जाऊन आईच्या पायाशी गुपचूप पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसानंच ते उकरलं. ओंजळीत तो काळपट लगदा घेऊन ती चुलीपाशी आली. "आत्या, कुजली. दोनी बी." आईच्या हातातली भाकरी परातीतच राहिली. "कशानं?" हौसानं माझ्याकडं बघितलं. तिला लपवाछपवी येत नव्हती, जे असेल ते ती तोंडावर बोलायची. "सुमीनं पाणी घातलंया. वर कोरडी माती हाय आन खाली चिखुल. दुपारचं तांब्या घेऊन जाताना मी हिला बघितलंय. मला वाटलं, तुळशीला घालती."

आई माझ्याकडं वळली. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग परकराकडं, मग पुन्हा तोंडाकडं. चुलीत लाकूड तडतडत होतं. आता चिमटा बसणार, मार बसणार, तो बसला तरी चालेल पण हिच्यासमोर नको, एवढंच मनात येत होतं. आणि आई हौसाकडं वळून कडाडली, "गप बस! माजी पोर असलं करायची न्हाई. तुला ध्यान द्यायला सांगितलंतं. तुज्याच्यानं झालं न्हाई, आन वर दुसऱ्याच्या अंगावर ढकलतीस?"

हौसाचं तोंड उघडं होतं ते मिटलं. तिनं आईकडं बघितलं, फार वेळ बघितलं. मग परड्यात जाऊन लगदा केळीच्या बुडात टाकला, अर्धा तांब्या पाणी घेऊन हात धुतले आणि भांडी घासायला बसली. रडली नाही. वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं आणि वांगं गप्प होतं.

मला काय वाटलं? खरं सांगते, मला आनंद झाला. लाज नंतर आली, बरीच नंतर. त्या घडीला माझ्या कानात दोनच शब्द घुमत होते, माजी पोर. आईनं मला निवडलं होतं. न विचारता, न तपासता, तिच्यासमोर. त्या दुपारी आईच्या पाठीची जागा रिकामी होती आणि मी तिथं जाऊन पडले. पाठ गरम होती, ओळखीची होती. पण आई झोपली नव्हती. तिचा श्वास झोपलेल्या माणसाचा नव्हता. मी पडून राहिले, तीही पडून राहिली, आणि परड्यातून हौसाच्या भांड्यांचा आवाज येत राहिला.

त्यानंतर हौसा कामापुरतं बोलायची. जात्यावर हसणं बंद झालं. आबांनी हाक मारली तर मळ्यात जायची, पण बांधावर थांबायची नाही. पंधरा दिवसांनी मामांना निरोप गेला, पोरीला घरला जायचंय म्हणती. आबांनी परोपरीनं समजावलं, जूनला शाळा हाय म्हणाले. ती मान हलवत राहिली. जाताना आईनं तांदूळ, गूळ, हुलगे, माझे दोन परकर असं गाठोडं बांधून दिलं. तिकडं अजून ढगाचा ठिपका नव्हता. हौसाची शाळा तिथंच सुटली ती सुटलीच. त्या दिवाळीला आई माहेरी गेली, कितीतरी वर्षांनी. मी खूप रडले, पण मला तिनं नेलं नाही. आठ दिवसांनी आली ती जरा हलकी होऊन आली, एवढं मला आठवतं.

सहा वर्षांनी हौसा माझी वहिनी झाली. आईनं शब्द सोडला नव्हता. रुखवतात लाडू-करंज्यांच्या शेजारी एका वाडग्यात मातीनं माखलेले तीन कंद मांडलेले होते आणि बायका एकमेकींना कोपरानं ढोसत हसत होत्या. आईनं ते वाडगं सगळ्यांत आधी उचलून आत नेलं. दोन वर्षांनी मी जयसिंगपूरला दिली गेले. हिशेब बरोबर ठरला होता. मी माहेरी गेले की बघायची, आई आणि हौसावहिनी परड्यात बसलेल्या, मध्ये हुलगे पाखडायचं सूप, आणि मी आत आले की दोघी गप्प होऊन एकदम म्हणायच्या, "चहा टाकू?" आईचं दुखणंखुपणं सगळं वहिनीनं काढलं. मी फोन केले. नात्यातले लोक म्हणायचे, अशी सून मिळायला भाग्य लागतं, आणि दर वेळी माझ्या पोटात दुखायचं, साठी उलटली तरी.

आईच्या शेवटच्या वर्षात एका दुपारी मी तिच्याजवळ सोप्यात बसले होते. ती कॉटवर कुशीवर होती. परड्यात वहिनी भांडी विसळत होती आणि ते पाणी अळवाच्या चरात सोडत होती. मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणाले, "आई, त्या खरपुडीला पाणी मी घातलंतं."

"ठावं हाय की," आई म्हणाली. "परकराला चिखल हुता तुज्या."

"मग हौसाला का खोटं पाडलंस?"

तिनं डोळे मिटले. वाटलं, झोप लागली. मग सावकाश म्हणाली, "ती ताण सोसणारी. एक पाळी चुकली म्हणून ती मरणार न्हवती. तू मेली असतीस."

मी उठून परड्यात गेले. वहिनीनं वर बघितलं आणि माझं तोंड बघून हातातलं पातेलं खाली ठेवलं. मी म्हणाले, "आईला सगळं ठाऊक होतं, वहिनी. त्या दिवशीच." ती म्हणाली, "व्हय, वन्सं. त्या दिवाळीला आल्या तवाच माज्या म्होरं बसून लई रडल्या. पाया पडाया लागल्या, मी पडू दिलं न्हाई. म्हणल्या, सुमीला सांगू नगंस, तिला सोसायचं न्हाई."

एवढी वर्षं दोघींना ठाऊक होतं. एवढी वर्षं दोघींनी मिळून मला जपलं होतं, एखादं नाजूक रोप जपावं तसं, आणि मी आले की चहा टाकला होता. शरम वाटली, वाटायलाच हवी होती. पण शरमेच्याही आधी जे वाटलं ते लिहिल्याशिवाय हे प्रकरण खरं होणार नाही. मला वाटलं, आई हिच्यासमोर रडली. माझ्यासमोर कधी नाही. त्या दिवशी पाणी माझ्या वाट्याला आलं, आणि भरवसा तिच्या.

आई गेली. तेराव्याचं आटोपून मी निघाले तेव्हा वहिनीनं एक कुंडी आणून माझ्या हातात दिली. कोरडी माती आणि वर वाळकी काडी. "न्या, वन्सं. तुमच्या बी आईचं हाय त्ये," ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, "फकस्त पाणी घालू नका." मी तिच्याकडं बघितलं. ती थट्टा करत नव्हती.

कुंडी आता जयसिंगपूरच्या घरी माझ्या गच्चीवर आहे. सध्या चैत्र चाललाय. मातीला भेगा पडल्यात, काडीला बोट लावलं तर मोडेल. दुपारी सगळे आडवे झाले की मी वर जाते. नळाला पाणी असतं, तांब्या तिथंच कठड्यावर असतो आणि रोज हात शिवशिवतो. अजून तरी घातलेलं नाही.